रत्नागिरी जिल्ह्यातलं राजापूर समुद्रापासून इतकं आत, मग तिथे बंदर कसं होतं? आणि एका दिवसात काय पाहावं?

पहिल्यांदा गेलो तेव्हा मीही धक्का शोधत समुद्राच्या वासाची वाट पाहत होतो. समुद्र तिथून पंधराएक मैल लांब. पण जैतापूरला सुरू होणारी खाडी आत आत येते आणि भरतीचं पाणी अर्जुना नदीतून राजापूरपर्यंत चढायचं. दुसऱ्या अंगाने अणुस्कुरा घाटातून बैलांचे तांडे उतरायचे. बैलाच्या पाठीवरचं ओझं होडीत चढायचं ती जागा म्हणजे राजापूर. मोठी जहाजं जैतापूरला नांगर टाकत आणि माल छोट्या होड्यांतून वर-खाली होई.

मिरी आणि कापडासाठी इंग्रजांनी सतराव्या शतकात इथे वखार घातली. पुढे फ्रेंचही आले. 1660 साली शिवाजी महाराज पन्हाळ्यावर वेढ्यात अडकले असताना याच वखारीचे इंग्रज सिद्दी जौहरच्या मदतीला तोफा घेऊन गेले, आणि वर आपलं निशाण लावून गडावर मारा केला. व्यापाऱ्याने तराजू सोडून तोफेला हात घातला की काय होतं ते त्यांना पुढच्याच वर्षी कळलं. 1661 मध्ये महाराज राजापुरात आले, वखार लुटली, पुरलेलं धन मिळावं म्हणून जमीन खणून काढली आणि वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन याला साथीदारांसह कैदेत टाकलं. सुटका 1663 मध्ये. नुकसानभरपाईचं रडगाणं मात्र 1674 मध्येही चालूच होतं. राज्याभिषेकाला रायगडावर गेलेला इंग्रजांचा वकील ऑक्झेंडन, त्याच्या बोलण्यातही तो विषय होताच.

बंदर कोणी लुटून संपवलं नाही, ते गाळाने संपलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही अरबांची गलबतं थेट इथे व्यापाराला येत, पण मोठ्या गलबतांना दगडी धक्क्याच्या तीन मैल अलीकडेच थांबावं लागे. तोच गाळ आजही छळतो. जोराचा पाऊस झाला की अर्जुना आणि कोदवली या दोन्ही नद्या फुगतात आणि पाणी जवाहर चौकात शिरतं. व्यापारी माल वरच्या मजल्यावर हलवतात, पाणी ओसरलं की चिखल उपसून पुन्हा दुकान उघडतात. अलीकडे नदीतला गाळ काढायची कामं झाली आहेत.

आता पाहण्याचं. माझं मत विचाराल तर आधी धोपेश्वरला जा. धूतपापेश्वराचं देऊळ गावाजवळच आहे. लाकडी खांबांचा सभामंडप, शेजारी ओढ्याचा धबधबा. पावसाळ्यात मंडपात बसलं की पाण्याच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. (हे नाव औषधाच्या बाटलीवर वाचलं असेल, ते याच देवाचं.) मग उन्हाळे. गरम पाण्याचा झरा बारमाही आहे. त्याच्या वरच्या अंगाला प्रसिद्ध गंगा: चौदा कुंडं, एरवी कोरडी, आणि साधारण तीन वर्षांनी एकाएकी भरून वाहू लागतात. पण हल्ली तिने वेळापत्रक पाळणं सोडलंय, मधेच येते, जास्त दिवस राहते. गावात उरलेल्या वेळात जुन्या पेठेतल्या अरुंद, चढउताराच्या गल्ल्या पायी फिरा.

रेल्वेने येणार असाल तर एक सांगतो. स्टेशनचं नाव ‘राजापूर रोड’ आहे, त्यातला ‘रोड’ फार लांबचा आहे. मी उतरून ‘गाव कुठे?’ विचारलं तेव्हा रिक्षावाला हसला होता. एसटीने आलेलं बरं, आणि निघण्याआधी कोणाला तरी फोन करून ‘गंगा आहे का?’ एवढं विचारून घ्या.