आधी पाणी काढ, मग वाट

फोंडा, गोवा

प्रिय बाय,

आरपीजी मेकर एमव्ही या खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये तू करत असलेल्या खेळातला रानाचा मॅप उघडून त्यात बराच वेळ फिरलो. टाइल, म्हणजे मॅपचे चौकोनी तुकडे, सुरेख रंगवल्यास, पावसाळ्यातला हिरवा तर थेट सत्तरी तालुक्यातल्या रानाचा वाटतो. पण तीन टाइल रुंदीची वाट, दोन्ही बाजूंना झाडांची सलग रांग, वळण, खजिन्याची पेटी, पुन्हा वळण. तळघराच्या भिंती पुसून तिथे झाडं लावली म्हणून रान होत नाही. झाडांच्या फटीतून पलीकडचं गवत दिसतंय, मग तिकडे का जाऊ देत नाहीत, हा प्रश्न खेळणाऱ्याच्या मनात येतोच. एकदा तो आला की पुढची प्रत्येक अडवणूक त्याला तुझी वाटते, जागेची नाही.

म्हणून पुढचा डंजन, म्हणजे शत्रू आणि पेट्यांनी भरलेला वाटांचा गुंता, करताना वाट सगळ्यात शेवटी काढ. आधी उंच-सखल ठरव. मग पाणी कुठून येतं नि कुठे जातं ते काढ. मग तिथे माणसं काय करायची ते. एवढं कागदावर उतरलं की चालण्याजोगी जागा फार थोडी उरते, आणि तीच तुझी वाट.

आपला सडाच घे, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. वरचा जांभा सच्छिद्र, पावसाचं पाणी त्यात मुरतं, खाली चिकण थर लागला की अडतं आणि पायथ्याशी झरा होऊन फुटतं. झऱ्याखाली कुळागर: माड, पोफळी, त्यांच्यावर चढवलेल्या मिरवेली, खाली केळी, मधून पाट. त्याखाली शेतं, मग खाजन, मग नदी. फोंड्याहून दुर्भाटच्या बाजूला उतरताना हा उतार डोळे उघडे ठेवून बघ. एका उताराने तुला चार वेगळे प्रदेश दिले. सड्यावर आडोसा नाही, दुरून सगळं दिसतं. कुळागरात सावली दाट आणि आवाज जवळचे. उजेड, संगीत, शत्रू इथे कारणाने बदलतात. सड्यावर एखादी सोडून दिलेली चिरेखाण ठेव: सरळ कापलेल्या उभ्या कडा, तळाशी साचलेलं हिरवं पाणी. उघड्या आभाळाखालची ती आयती खोली आहे, आणि तिच्या भिंतींबद्दल कोणी शंका घेणार नाही.

पण माझं मन खाजनात आहे, आणि तूही पहिला मोठा डंजन तिथेच करावास असं मला मनापासून वाटतं.

खाजन म्हणजे नदीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली सखल जमीन. बाहेरच्या अंगाला खारफुटी, ती लाटांचा मार झेलते. मग माती आणि जांभ्या दगडाचा बांध. बांधात ठरावीक जागी मानस, म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच झडप मिटते. ओहोटीला बाहेरचं पाणी उतरतं, आतल्या पाण्याचा दाब भारी पडतो आणि ती उघडून आतलं पाणी नदीत जातं. माणसाने हात न लावता दिवसातून दोनदा हे चालतं. आत पोंय, म्हणजे पाणी साठवणारा खोलगट भाग, आणि त्यापलीकडे भातशेती. पावसाने जमिनीतलं मीठ धुवून निघालं की तिथे कोरगूटसारखं खारं सोसणारं भात होतं. घरं मात्र खाजनात नसतात, ती वर चढावाला असतात. तुझ्या मॅपमध्ये चिखलाच्या मधोमध झोपडं काढायचा मोह होईल, काढू नकोस. राखणीची खोप बांधावर चालेल.

आता हे डंजन म्हणून वाच. चालायला कोरडी वाट एकच, बांधाची, आणि ती अरुंद असणारच, कारण बांध अरुंदच असतो. दोन्हीकडे चिखल आणि पाणी. बांध एकमेकांना मिळतात, त्यामुळे गोल फिरून येण्याच्या वाटा फुकट मिळतात. कुठेतरी बांध फुटून खांड पडलेली. पलीकडची पेटी पहिल्याच पडद्यावर दिसते, पण तिथे पोचायला अर्धा डंजन पार करावा लागतो. अदृश्य भिंत कुठेच घालावी लागली नाही.

आणि भरती-ओहोटी. भरतीला जो चिखल बुडालेला, तोच ओहोटीला चालण्याजोगा होतो. एकाच मॅपचे दोन मॅप. आरपीजी मेकर एमव्हीत यासाठी मॅप दोनदा काढायची गरज नाही. दोन टाइलसेट, म्हणजे टाइलचे संच, कर, एकात ज्या खणात पाणी, दुसऱ्यात त्याच खणात चिखल. टाइलवरून जाता येतं की नाही ही नोंद टाइलसेटमध्येच असते, त्यामुळे टाइलसेट बदलायची आज्ञा दिली की चित्र आणि चाल दोन्ही एकदम बदलतात. मात्र मॅपबाहेर जाऊन परत आलं की टाइलसेट मूळचा होतो, तेव्हा शिरल्याशिरल्या भरतीचा स्विच (भरती आहे की नाही ही नोंद) तपासणारा इव्हेंट, म्हणजे आपोआप चालणारी आज्ञांची यादी, ठेव.

भरती घड्याळावर ठेवू नकोस. खऱ्या नदीत पाणी चढायला साधारण सहा तास आणि उतरायला सहा, पण तुझा नायक नेहमीच्या चालीने सेकंदाला पावणेचार टाइल चालतो. ४५ टाइलचा लांबलचक बांध १२ सेकंदांत संपतो. त्या मापाने पाणी फिरवलंस तर नदी उकळल्यासारखी दिसेल, आणि सावकाश फिरवलंस तर खेळणारा कंटाळून उठेल. राखणदाराच्या खोपीत बसायची सोय दे: ‘पाणी फिरेपर्यंत थांब’. थांबायचं कधी हे खेळणारा ठरवतो, पाणी मात्र त्याच्या हुकमाचं नाही. हा फरक त्याला जाणवू दे.

शत्रूंचं बघ. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत हे तुला ठाऊक आहे. ओहोटीला त्या उघड्या चिखलावर ऊन खात पडतात, भरतीला पाण्याखाली. मग तुझ्या मॅपवर ओहोटीत त्या दिसू देत, अगदी स्पष्ट, आणि भरतीत त्या ठिकाणाला लागून असलेल्या बांधाच्या टाइलना वेगळा रीजन क्रमांक (मॅपचा भाग ओळखायचा आकडा) देऊन तिथेच लढाई लागू दे. जो नीट बघतो तो वाचतो. याहून न्याय्य इशारा मला सुचत नाही. आणि त्याआधी, बांधाच्या तोंडाशी, मातीची घडवलेली मगर ठेव. आपल्याकडे त्या भागात पौषी अमावस्येला चिकणमातीची मगर करून पूजतात, मांगे थापणी म्हणतात ती. फलक लावून ‘सावधान’ लिहिण्यापेक्षा, इथली माणसं मगरीच्या शेजारी राहतात हे त्या मूर्तीतून कळतं. मूर्ती फोडून आत नाणी सापडतील असं मात्र करू नकोस.

खलनायक म्हणून चिखलातला राक्षस हवाच का? मानशीवर जाळं लावून मासे-कोळंबी धरायचा हक्क एकाकडे, शेत दुसऱ्याचं. मासळी जास्त यावी म्हणून झडप अडकवून ठेवली की खारं पाणी आत शिरतं आणि भात जातं. हा तंटा खाजनात खरोखर होतो, आणि त्यात दोन्ही बाजूंना पोट आहे. डंजनच्या शेवटी झडप मोकळी करायची की नाही हा निर्णय खेळणाऱ्याच्या हाती दे, आणि त्याचं फळ पुढच्या गावात दिसू दे: बाजारात तांदूळ महाग किंवा सुकी मासळी महाग. दोन व्हेरिएबलचं, म्हणजे खेळाने लक्षात ठेवायच्या दोन आकड्यांचं, काम आहे.

पडद्याचं एक माप लक्षात ठेव. एमव्हीत मूळ आकारात एका वेळी आडव्या १७ आणि उभ्या १३ टाइल दिसतात. उघड्यावर चालताना खऱ्या माणसाला दूरची टेकडी दिसते, तुझ्या खेळणाऱ्याला आठ टाइलपलीकडचं काही दिसत नाही. म्हणून प्रत्येक दीड-दोन पडद्यांत एक ओळखीची खूण लागते: वाकडा माड, मानशीचे दगडी खांब, उलटी टाकलेली होडी. एकसारखी नको. सुंदर पण एकसारखं रान हाच उघड्या डंजनचा मोठा शत्रू आहे.

देवराईबद्दल तू विचारलं होतंस. जरूर कर, पण तिथे लढाई ठेवू नकोस. सत्तरीत बांबरला निरंकाराची राय आहे, तिथल्या दलदलीत रानजायफळाची झाडं गुडघ्यासारखी वाकलेली मुळं चिखलाबाहेर काढून उभी असतात. ती मुळं टाइलमध्ये उतरव, वाट त्यांच्यामधून जाऊ दे. पायातलं उतरवल्याशिवाय आत जाता येऊ नये. फांदी तोडली तर बाहेर पडायची वाट लांबू दे, पण नायकाला ठार करू नकोस. एवढ्या डंजनमध्ये एक जागा अशी हवी की जिथे तलवार उपसताच येत नाही.

भग्न देऊळ तुझ्या यादीत आहेच. तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ कदंबकालीन, काळ्या बेसाल्टचं, आणि रानाच्या पोटात उभं. तुझं देऊळ काढण्याआधी दगड कुठल्या वाटेने आला ते ठरव. त्या वाटेचे चार-सहा फरसबंद टाइल झुडपांत अर्धवट शिल्लक ठेवलेस की पुरे, आणि तोच तुझा परतीचा शॉर्टकट होईल.

पुढच्या वेळी मॅप पाठवशील तेव्हा शत्रू आणि पेट्या काढून पाठव, नुसती जमीन आणि पाणी. सोबत कागदावरचा उताराचा नकाशाही हवा, त्यावर पाण्याची दिशा बाणांनी दाखव. मानशीच्या झडपेचं चित्र तू स्वतः जाऊन बघून काढलंस तर फार बरं. ओहोटी लागताना जा, तेव्हा ती उघडताना दिसते. आणि आईला सांगितल्याशिवाय बांधावर उतरू नकोस.

तुझा,
काका