जुनी सिंगर ३१के२०: कुठला भाग बदलायचा आणि कुठल्याला हात लावायचा नाही

डिचोलीच्या तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: आजोबांच्या टेलरिंगच्या दुकानातली सिंगर ३१के२० पुन्हा चालू करायची आहे, चेक स्प्रिंग (वरचा दोरा ताणून धरणारी बारीक स्प्रिंग) तुटली आहे, टाके सुटतात म्हणजे मधले टाके पडतच नाहीत, नीडल प्लेटचा (सुईखालच्या पत्र्याचा) एक स्क्रू हलत नाही, आणि कारागीर म्हणतो की शटलसकट (शटल म्हणजे सुईच्या दोऱ्याचा फास पकडणारा खालचा भाग) खालचा सगळा सेट नवा घाला. सेट अजून मागवू नका. ही मशीन स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या किलबोवी कारखान्यातली आहे. नावातला 'के' तिथलाच. तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला. लुधियानात बनणारे ३१के चे सुटे भाग चालतात, पण त्यांचं माप आणि पोलादाची कडकी सारखी नसते. जुनं शटल शाबूत असेल तर तेच ठेवणं शहाणपणाचं.

सगळ्यात आधी सुई बघा. या मशीनला गोल दांड्याची डीबी×१ (जुना नंबर १६×९५) लागते. दांड्याची एक बाजू चपटी असलेली घरगुती सुई बसल्यासारखी वाटली तरी वापरू नका. गोल दांड्यामुळे दिशा नजरेनेच जमवावी लागते: शटलचं टोक ज्या बाजूने जातं तिकडे आखूड खाच, विरुद्ध बाजूला लांब खाच. सुई थोडी जरी वळली तरी टाका सुटतो, आणि दोष उगाच शटलवर येतो.

चेक स्प्रिंग मात्र बदलावीच लागेल. ती नसली की सुई खाली जाताना वरचा दोरा ढिला पडतो, सुईचं टोक त्याच्यातच शिरतं, दोरा पिंजतो. वरच्या दोऱ्याच्या टेन्शनचा नट, स्प्रिंग आणि दोन्ही चकत्या काढून ओळीने कापडावर मांडा. मधल्या खिळ्याला धरणारा बारीक स्क्रू सैल करून खिळा बाहेर घ्या आणि नव्या स्प्रिंगची शेपटी त्याच्या खाचेत बसवा. चकत्या परत घालताना फुगीर बाजू एकमेकींकडे. मग खिळा किंचित फिरवून असं जमवा की सुईचं टोक कापडाला टेकतं त्याच क्षणी स्प्रिंगची हालचाल संपेल. तिचा ताण वाढवून सुटणारे टाके बरे होणार नाहीत.

अडकलेल्या स्क्रूवर जोर करू नका. डोकं तुटलं तर उरलेला स्क्रू भोकातच अडकून बसतो. भोवतालचा चिकटा आणि गंज टाचणीने खरवडा, पेनिट्रेटिंग ऑइलचे दोन थेंब टाकून रात्रभर ठेवा. सकाळी खाचेत पूर्ण रुंदीने, घट्ट बसणारा स्क्रूड्रायव्हर लावून त्याच्या मुठीवर हातोडीने हलके ठोके द्या, आधी किंचित घट्ट करण्याच्या दिशेने आणि मगच उलट. तरीही न हलल्यास सोल्डरिंग आयर्नचं टोक डोक्यावर मिनिटभर टेकवा. ज्योत नको, काळा रंग आणि सोनेरी नक्षी जळेल. थिनर, स्पिरिटही तिथे लावू नका. स्क्रू बाजारात शोधताना लक्षात ठेवा, सिंगरचे आटे इंची आणि बारीक आहेत. मेट्रिक स्क्रू दोन आटे जाईल आणि भोकाचे आटे खाईल. जुना स्क्रू हातात घेऊनच म्हापशाला किंवा मडगावला जा.

आता शटल. काढून त्याच्या टोकावरून नखाची कड फिरवा. नख अडकलं तर बूर (धातूची खरखरीत कड) आहे. तेल लावलेल्या बारीक पॉलिश पेपरने टोकाच्या दिशेने घासा, टोक बोथट होऊ देऊ नका. टोक तुटलेलं असेल तरच नवं घ्या. रेसमध्ये (शटल ज्या खोबणीत फिरतं तिथे) अडकलेला दोऱ्याचा तुकडाही असेच टाके सोडवतो, म्हणून तोही बघा.

टायमिंग, म्हणजे सुई आणि शटलचं टोक यांचा मेळ, असं तपासा: सुई सगळ्यात खाली गेली की चाक हाताने सावकाश फिरवा. सुई साधारण २.४ मिलिमीटर वर आल्यावर शटलचं टोक सुईच्या मध्यावर यायला हवं, डोळ्याच्या वरच्या कडेपासून साधारण दीड मिलिमीटर वर. टोक डोळ्यावरच येत असेल तर फेसप्लेटच्या (सुईकडच्या बाजूच्या झाकणाच्या) आतला क्लॅम्प स्क्रू सैल करून नीडल बार (सुई धरणारा दांडा) थोडा खाली, फारच वरून जात असेल तर थोडा वर. असं करताना बार गोल फिरू देऊ नका. टोक आणि सुई यांच्यात कागदाएवढी फट हवी, घासता कामा नये. बार धरून हलवल्यावर डगमगला, तर बुश (बार ज्या नळीत सरकतो ती) झिजलाय. तिथे नवं शटल काही उपयोगाचं नाही.

कापड सरकवणारे दाते झिजले असतील तर दाते आणि नीडल प्लेट जोडीने घ्या, ओळींचं अंतर जुळावं लागतं. बॉबिन भरणाऱ्या चाकाचं रबर कडक झालं की ते घसरतं. जुनं रबर नेऊन त्याच घेराचं आणा.

तेल मशीनचंच, पांढरं पातळ. खोबरेल नको: ते २४ अंशांच्या आसपास गोठतं आणि धूळ धरून बुशात चिकटा करतं. पावसाळ्यात मशीन प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत दमट हवा कोंडते आणि नीडल बार गंजतो. त्यापेक्षा सुती कापड टाका. चामड्याचा पट्टा त्या दिवसांत ढिला पडला तर लगेच कापू नका, हवा कोरडी झाली की पुन्हा ताण बघा.

सगळं बसवल्यावर आधी दोऱ्याशिवाय चाक हाताने दहा फेरे फिरवा. मग वर आणि खाली वेगवेगळ्या रंगाचा दोरा घालून दुहेरी सुती कापडावर सावकाश शिवा. खालचा रंग वर दिसला तर वरचं टेन्शन सैल करा, वरचा खाली दिसला तर घट्ट. बॉबिन केसच्या (खालच्या दोऱ्याच्या डबीच्या) स्क्रूला हात सगळ्यात शेवटी.