राजीनामा आणखी चार महिने खिशात ठेवा

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत ऑटोमेशन इंजिनिअर असलेल्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय २९, पहिलीच नोकरी, तिला चार वर्षं आठ महिने झाले. हातात ६२,००० येतात. बेसा भागातल्या फ्लॅटच्या हप्त्यासकट घरखर्च ४८,०००. बँकेत १,६०,०००, घरी वर्षाची मुलगी. पुण्याच्या एका कंपनीने पीएलसी-स्काडा कमिशनिंगसाठी (कारखान्यातली यंत्रं चालवणारी संगणकी यंत्रणा जागेवर जाऊन सुरू करून देण्यासाठी) दिवसाला ६,००० आणि प्रवास-मुक्काम देऊ, असं फोनवर सांगितलं आहे. ते विचारतात, राजीनामा याच महिन्यात देऊ का, आणि लॅपटॉप-सॉफ्टवेअरसाठी पीएफ काढू का?

भाऊ, स्वतंत्र काम जरूर करा. पण राजीनामा आत्ता नको, आणि पीएफला तर हातच लावू नका.

दिवसाचे सहा हजार, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे दीड लाख, असा हिशोब तुम्ही मांडलाय. मला काळजी वाटते ती याच हिशोबाची. माझ्याकडे येणारे एक इंजिनिअर असेच चंद्रपूरकडच्या एका साइटवर गेले होते. पॅनेल उभं, प्रोग्रॅम लोड झालेला, पण हवेची लाइनच जोडलेली नव्हती. व्हॉल्व्ह हलणार कसे? नऊ दिवस लॉजवर बसून काढले. बिल लावलं तेव्हा तीन दिवसांचे पैसे मिळाले, कारण उरलेल्या सहा दिवसांच्या सर्व्हिस रिपोर्टवर कुणाची सहीच नव्हती. दोन कामांमधले रिकामे दिवस, प्रवास, आजारपण, सणवार धरले तर पहिल्या वर्षी मी १४० दिवसांपेक्षा जास्त पैशांचे दिवस धरायला तयार नाही. १४० गुणिले ६,००० म्हणजे ८,४०,०००.

आता नोकरीकडे बघा. हातात येणारे वर्षाचे ७,४४,०००. मूळ पगार ३३,०००, त्यामुळे तुमचा आणि कंपनीचा मिळून पीएफ ९५,०४०. ग्रॅच्युइटीचे वर्षाला साधारण १९,०००. एकूण ८,५८,००० च्या आसपास, शिवाय कंपनीचा आरोग्य विमा वेगळा. म्हणजे दीड लाखाचं चित्र दाखवणारी ऑफर प्रत्यक्षात आजच्या पगारापेक्षा कमी आहे! दर ७,५०० मागा. तेवढ्याच दिवसांचे १०,५०,००० होतात. विमा, लॅपटॉप, सीएची फी यांना लाखभर गेले तरी काही उरतं.

चार महिने का थांबायचं, तेही सांगतो. पाच वर्षं सलग पूर्ण झाली की राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी मिळते. तुमच्या बाबतीत ३३,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ५, म्हणजे ९५,१९२ रुपये. पाच वर्षांच्या आत काढलेला पीएफ करपात्र ठरतो, हेही विसरू नका. या चार महिन्यांत दरमहा १४,००० शिल्लक टाकलीत तर ५६,०००. बँकेतले धरून सगळं मिळून ३,११,००० होतात आणि तुमचा सहा महिन्यांचा खर्च आहे २,८८,०००. आज सोडलंत तर जेमतेम तीन महिन्यांचे पैसे आहेत. पहिल्या महिन्यात काम, महिनाअखेरीला बिल, पुढे ४५ दिवस थांबणं, म्हणजे पहिला रुपया यायलाच अडीच महिने लागतील. त्यातून १० टक्के टीडीएस कापला तर तेवढी रक्कम रिटर्न भरेपर्यंत अडकेल.

कराचं फार दडपण घेऊ नका. इंजिनिअरिंगच्या व्यवसायाला अंदाजित उत्पन्नाच्या तरतुदीखाली बिलांची निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवता येते, आणि सेवांना २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी) मात्र पहिल्या बिलाआधीच करा, ती फुकट होते. सूक्ष्म उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावं लागतं, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज मागता येतं.

फोनवरच्या शब्दावर घर सोडून जाऊ नका. पीओमध्ये, म्हणजे कामाच्या लेखी ऑर्डरमध्ये, थांबलेल्या दिवसाचा दर, प्रवासाच्या दिवसाचा दर, आणि सॉफ्टवेअरचं लायसन्स कंपनीच देईल हे लिहून घ्या. तिसरी गोष्ट मान्य झाली तर पीएफ मोडायची गरजच पडत नाही. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर वापरून दुसऱ्याच्या मशीनला हात लावू नका, आणि आजच्या कंपनीचे प्रोग्रॅम सोबत नेऊ नका. तुमचं नाव हेच तुमचं भांडवल राहणार आहे.

एकाच पुणेकर कंपनीच्या भरवशावर राहिलात तर ती नोकरीच झाली, फक्त पगारी रजेशिवायची. हे चार महिने बुटीबोरी, कळमेश्वर, भंडाऱ्याच्या राइस मिल, रायपूरच्या रोलिंग मिल इथल्या ओळखी जमवण्यात घाला. विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशनच्या कार्यक्रमांना जा. लहान कारखान्यांत जुनी पीएलसी असते, ड्रॉइंग हरवलेलं, बॅकअप कुणाकडेच नाही. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली पॅनेल तापतं, मोटर चालवणारी ड्राइव्ह ट्रिप होते, म्हणजे बंद पडते, आणि मालक घाबरून फोन फिरवत बसतो. असे तीन-चार मालक वार्षिक देखभालीच्या करारावर मिळाले, तर घराचा हप्ता साइटवर अवलंबून राहणार नाही. ही बोलणी तुमच्या सध्याच्या कंपनीच्या ग्राहकांशी मात्र नकोत, आणि कामही नोकरी सुटल्यावरच सुरू करा.

पगाराची स्लिप हातात आहे तोवर दोन कामं उरका. तिघांचा स्वतःचा आरोग्य विमा घ्या, म्हणजे प्रतीक्षा काळ (काही आजारांचा खर्च मिळत नाही तो सुरुवातीचा काळ) आत्तापासून मोजला जाईल. गृहकर्ज दुसऱ्या बँकेत न्यायचं असेल तर आत्ताच न्या, नंतर बँक दोन-तीन वर्षांची रिटर्न मागेल.

पुण्याच्या कंपनीला स्पष्ट सांगा की चार महिन्यांनी येतो, दर ७,५००, थांबलेल्या दिवसाचे पैसे वेगळे. त्यांचा पीओ आला की सही करण्याआधी मला पाठवा. तुमच्या पत्नीलाही आधी वाचायला द्या, कारण तुम्ही साइटवर असाल तेव्हा घर त्याच चालवणार आहेत.