फरशी उखडण्यासाठी मुदत ठेव मोडावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर आठ वर्षांचं, फरशीखाली गरम पाण्याच्या पाइपांचं हीटिंग. या हिवाळ्यात पाचपैकी दोन खोल्या तापतच नाहीत. पाहून गेलेला ठेकेदार म्हणतो, पाइप चोंदलेत, सगळी फरशी काढून यंत्रणा नव्याने टाका. खर्च तुमच्या सात महिन्यांच्या घरखर्चाएवढा. अर्धे पैसे मुदत ठेव मोडून आणि अर्धे वैयक्तिक कर्ज काढून उभे करायचा तुमचा विचार आहे.

तूर्त दोन्ही थांबवा. बिघाड नेमका कुठे आहे हे अजून कुणीच तपासलेलं नाही. तपासणीआधीच उपाय ठरला, आणि ठरवला कुणी, तर ज्याला त्या कामाचे पैसे मिळणार त्याने.

तुम्ही ओघात लिहिलेल्या दोन गोष्टी मला त्याच्या अंदाजपत्रकापेक्षा मोलाच्या वाटल्या. बॉयलरवरचा प्रेशरचा काटा कित्येक महिने दीड बारवरच आहे. आपोआप पाणी भरणारा व्हॉल्व्ह नसेल, तर फरशीखाली पाइप गळत असताना काटा असा जागेवर राहत नाही. दुसरी गोष्ट मॅनिफोल्डची, म्हणजे बॉयलरचं पाणी खोल्याखोल्यांच्या पाइपांत वाटणाऱ्या जोडणीची. थंड खोल्यांच्या, प्रवाह दाखवणाऱ्या दोन्ही काचनळ्यांत लाल खूण शून्यावर, बाकी तिन्हींत मिनिटाला दोन लिटरच्या आसपास. म्हणजे त्या दोन लूपमध्ये, त्या खोल्यांच्या फरशीखालच्या पाइपांच्या वेटोळ्यांत, पाणी फिरतच नाही.

ते का फिरत नाही, याचं कारण बहुतेक वेळा मॅनिफोल्डच्या पेटीतच सापडतं. प्रत्येक लूपच्या व्हॉल्व्हवर टोपीसारखा ॲक्च्युएटर असतो, थर्मोस्टॅटच्या इशाऱ्यावर तो व्हॉल्व्ह उघडतो-बंद करतो. तो फिरवून काढला की खाली बारीक पिन दिसते. ती दाबल्यावर दोन-तीन मिलिमीटर आत जाऊन स्प्रिंगने परत वर यायला हवी. उन्हाळाभर बंद राहिलेल्या व्हॉल्व्हची पिन आतच अडकून बसते, हा तर नेहमीचाच आजार. ॲक्च्युएटर काढताच लाल खूण हलली, तर दोष ॲक्च्युएटरचा, त्याच्या वायरिंगचा किंवा थर्मोस्टॅटचा. पिन मोकळी असूनही खूण ढिम्म असेल, तर हवा किंवा गाळ. तेव्हा बाकीचे लूप बंद करून तो एकेक लूप दाबाच्या पाण्याने धुतात. यातल्या कुठल्याही कामाला फरशीला हात लावावा लागत नाही, आणि खर्च फार तर महिन्याच्या घरखर्चातून भागेल असा असतो.

जाता जाता, खोल्या तापाव्यात म्हणून बॉयलरचं पाणी तुम्ही 55 अंशांवर नेलंय ते खाली आणा. अशा यंत्रणेला साधारण 35 ते 45 अंश पुरतात आणि राहत्या खोलीतली फरशी 29 अंशांच्या वर जाऊ नये असं युरोपीय मानक सांगतं. थंड लूपमध्ये पाणीच जात नाही, त्यामुळे जादा इंधन त्यांच्या काही कामाचं नाही.

आता पैशांकडे येऊ. मुदतीआधी ठेव मोडली की व्याज थोडं घटतं, ते एक वेळ सोसता येईल. मला खटकतं ते वेगळंच. ती ठेव हाच तुमचा अडीअडचणीचा पैसा आहे, असं तुम्हीच लिहिलंय. तो निम्म्याने कमी होणार आणि त्याच महिन्यापासून कर्जाचा हप्ता सुरू होणार. नोकरीत खंड पडला किंवा घरात आजारपण आलं, तर हप्ता काही थांबत नाही. दोन खोल्यांच्या उबेसाठी मी एवढी जोखीम घेणार नाही. या हिवाळ्यापुरते तिथे विजेचे हीटर लावा. वीजबिल वाढेल, पण ते ऋतूबरोबर संपेल.

तपासणीसाठी फरशीच्या कामाशी संबंध नसलेला तंत्रज्ञ बोलवा. त्याची फी वेगळी द्या आणि प्रत्येक लूपचा प्रवाह, दाब व निष्कर्ष लेखी घ्या. यात काटकसर करू नका. पाइपच खराब निघाला, तर थर्मल कॅमेऱ्याने जागा हेरून तेवढ्याच फरश्या उचलता येतात. तेही जमलं नाही, तर तो लूप बंद करून खोलीत भिंतीवरचा रेडिएटर बसवता येतो. क्रॉसलिंक्ड पॉलिएथिलीनचा, म्हणजे अशा यंत्रणेत वापरतात त्या प्लास्टिकचा पाइप योग्य दाब-तापमानाला पन्नास वर्षं टिकेल असं धरून बनवतात. आठव्या वर्षी सगळे पाइप निकामी झाले म्हणणाऱ्याने तसा पुरावा दाखवावा.

तो पुरावा मिळाला आणि सगळं बदलणं खरोखर भाग पडलं, तर काम उन्हाळ्यात ढकला. तोवर दरमहा बाजूला टाकलेल्या रकमेतून निदान एक हिस्सा उभा राहील. उरलेल्यासाठी ठेव तारण ठेवून कर्ज मिळतं का ते बँकेत विचारा, बहुधा ते वैयक्तिक कर्जापेक्षा स्वस्त पडतं. ठेकेदाराला पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि शेवटचा हप्ता सगळे लूप दाबाखाली तपासून झाल्यावरच सोडा. घराच्या विम्यात गळती शोधताना होणारी तोडफोड धरली आहे का, हे मात्र पहिली फरशी उचलण्याआधी कंपनीकडून लेखी विचारून घ्या.