टोकनं जमवायला लागलायस तर आधी एवढं बघ

भावा, अमेरिकेच्या यादवी युद्धातलं टोकन मागवलंस, लई बरं केलंस. 1862 ला लोकांनी सोनं, चांदी आणि मग सेंटसुद्धा घरात दडवले, बाजारात सुट्टे मिळेनात, म्हणून दुकानदारांनीच सेंटएवढी तांब्याची टोकनं पाडून घेतली, बहुतेकांवर 1863 साल असतंय. आपल्याकडचा 1943 चा भोकाचा पैसापण युद्धातलाच, पण तो सरकारी आणि हे खाजगी.

1) चिंच लावून घासू नकोस! मी शहापूरच्या घरी पहिलं टोकन चिंचेनं चकचकीत केलं, गुलाबी पडलं, कडेची अक्षरं पुसट झाली, अजून वाईट वाटतंय.

2) एकच प्रकार धर. दुकानाचं नाव-गाव असलेली वेगळी, देशभक्तीच्या घोषणांची वेगळी. मी तर दुकानांचीच घे म्हणेन, नावामागं खरं दुकान असतंय, शोधायला मजा येते.

3) भिंगातून वाच. काहींवर 'वन सेंट'च्या वर बारीक 'नॉट' असतं, नकली नाणं म्हणून कुणी धरू नये म्हणून घातलेलं. नवीन माणसाला ते दिसतच नाही.

मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नकोस, आपल्या बेळगावच्या पावसात हिरवं चढतंय. साचे, दुर्मिळता ते सगळं नंतर, आधी पाच-सहा नीट हाताळून बघ.