वाचक विचारतात : घरच्या ध्वनिमुद्रणासाठी माईक कोणता घ्यावा?

प्रश्न : मी अभंग आणि भावगीते गाते, घरी शिकवण्याही घेते. विद्यार्थ्यांना पाठवण्यासाठी आणि स्वतःच्या काही चाली जपून ठेवण्यासाठी घरीच ध्वनिमुद्रणाची छोटी सोय करायची आहे. संगणक आहे, माईक, इंटरफेस (माईक संगणकाला जोडणारी पेटी), हेडफोन मिळून वीस हजारांच्या आसपास बसवायचे आहे. दुकानदार म्हणतो कंडेन्सर माईक घ्या. आमच्या भजनी मंडळातील एक जण सांगतात की रस्त्यालगतच्या घरात कंडेन्सर चालत नाही, डायनॅमिकच घ्यावा. कोणाचे ऐकावे? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : भजनी मंडळातील गृहस्थांचा अनुभव खरा असला, तरी त्याचे कारण माईकच्या प्रकारापेक्षा अंतरात अधिक आहे. तोंड आणि माईक यांतील अंतर दुप्पट केले की थेट पोहोचणारा गळ्याचा आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो; रस्त्यावरची रिक्षा, पंखा आणि भिंतींवरून परतणारा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. डायनॅमिक माईक मंचावर ओठांपासून दोन-चार बोटांवर धरला जातो, म्हणून तो बाहेरचे ‘ऐकत नाही’ असे वाटते. तोच माईक हातभर दूर ठेवून गेन (माईकचा आवाज मोठा करण्याचे प्रमाण) वाढवला, तर रिक्षाही तितक्याच इमानाने येते.

मग डायनॅमिक जवळ धरूनच गावे, असे आपण म्हणाल. गजराच्या भजनाला ते उत्तम. आपल्या गाण्याला मला ते तितकेसे पटत नाही. एका दिशेचा आवाज टिपणाऱ्या माईकच्या अगदी जवळ गेले की खालचे स्वर फुगतात, आणि भावगीत गाणारा माणूस मान स्थिर ठेवून गात नाही. मुरकी घेताना चेहरा जरा वळला, तार षड्जाला मान मागे गेली की अंतर दोन बोटांचे चार बोटे होते आणि एकाच ओळीत आवाजाचा पोत दोनदा बदलतो. वीतभर अंतरावर तेवढी हालचाल खपून जाते. शिवाय कंडेन्सरचा पडदा अतिशय पातळ आणि हलका असतो, तर डायनॅमिकमध्ये पडद्याला तारेचे वेटोळे चिकटलेले असते. त्यामुळे शब्दाची सुरुवात, श्वास, हलका ‘ह’कार हे कंडेन्सरवर अधिक स्पष्ट उमटते. अभंगात शब्द महत्त्वाचा, म्हणून आपल्यासाठी माझे मत कंडेन्सरच्या बाजूने आहे. ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० किंवा त्या वर्गातील दुसरा साधा, एकाच दिशेचा माईक पुरेसा आहे.

अट एकच : खोली आधी ऐकून पाहावी. आपण ज्या वेळी गाणार त्या वेळी पंखा बंद करून मिनिटभर नुसती शांतता मोबाईलवर टिपा आणि हेडफोनवर ऐका. मग खोलीच्या मध्यभागी एक टाळी वाजवा. टाळीमागून ‘टर्रर्र’ असा थरथरता नाद आला, तर समोरासमोरच्या उघड्या भिंती बोलत आहेत. तिथे जाड गोधडी उपयोगी पडते, पण ती गाणाऱ्याच्या पाठीमागे, भिंतीपासून थोडी सुटी टांगावी, कारण माईकचे तोंड तिकडे असते. अंड्यांचे ट्रे चिकटवून भिंत कुरूप होण्यापलीकडे फारसे काही घडत नाही, आणि गोधडी असो वा फोम, त्याने रस्ता गप्प होत नाही. त्यासाठी खिडकी बंद करून माईकची पाठ खिडकीकडे करावी, म्हणजे आपले तोंड खिडकीकडे येईल. कार्डिऑइड, म्हणजे एकाच दिशेचा माईक पाठीमागचे सर्वांत कमी ऐकतो. एवढे करूनही रात्री दहानंतर मालगाडी ऐकू येत असेल, तर मात्र मंडळातील गृहस्थांचे ऐकावे आणि १९६६पासून चालत आलेला शुअर एसएम५८ हा डायनॅमिक माईक घ्यावा. त्याच्या नकला बाजारात भरपूर आहेत. अधिकृत विक्रेत्याकडून, बिलासह घ्या.

पॉडकास्टवाल्यांच्या तोंडापुढे दिसणाऱ्या शुअरच्याच एसएम७बी या डायनॅमिक माईकचा मोह टाळावा. एकट्या त्या माईकनेच आपला आकडा ओलांडला जाईल. शिवाय त्याला किमान ६० डेसिबल गेन लागतो आणि साध्या इंटरफेसची मजल बहुधा तिथवर पोहोचत नाही. कंडेन्सरला ही अडचण नसते. इंटरफेसवर ४८ व्होल्टची फँटम पॉवर (केबलमधून माईकला मिळणारी वीज) आहे ना, एवढे पाहावे. उरलेल्या पैशांत पॉप फिल्टर (तोंडातून येणारा हवेचा झोत अडवणारी जाळी), भक्कम स्टँड आणि कान पूर्ण झाकणारे बंद हेडफोन घ्यावेत, कारण तानपुरा स्पीकरवर लावला तर तो गळ्याबरोबर माईकमध्ये उतरतो आणि नंतर वेगळा काढता येत नाही. पातळी लावताना आपली सर्वांत चढी ओळ पूर्ण ताकदीने गा आणि काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असा गेन ठेवा. २४ बिटच्या मुद्रणात याहून वर जाण्याची गरज नसते.

प्रश्न : पावसाळ्यात माझ्या कंडेन्सर माईकमधून मधूनच चरचर येते. माईक बिघडला का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : बहुधा नाही. कंडेन्सरच्या कॅप्सूलवरचा (आवाज टिपणाऱ्या आतल्या भागावरचा) विद्युतभार अगदी थोडा असतो आणि दमट हवेत तो झिरपू लागला की अशी चरचर होते. आधी केबल बदलून पाहा. आवाज कायम राहिला, तर माईक घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह दोन-तीन दिवस ठेवा. केस वाळवण्याचे यंत्र त्यावर मुळीच धरू नका. पुढे काम झाले की माईक स्टँडवर न ठेवता डब्यातच ठेवावा, आणि पुड्यांनी ओल धरली की त्या बदलाव्यात. पॉप फिल्टरशिवाय गाणे टाळावे, कारण श्वासातील ओलावा थेट पडद्यावर बसतो. सुकवूनही चरचर राहिली, तर कॅप्सूल दुरुस्तीवाल्याकडून तपासून घ्यावी; ती घरी उघडू नये.