रंग पाण्यात उतरतो की तेलात, ते आधी बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. फळं-भाज्यांच्या पाच रंगांचा तक्ता फ्रिजवर लावलाय, रोज पाचही रंग पोटात गेलेच पाहिजेत म्हणून दोन महिने सकाळी गाजर-बीटचा मोठा ग्लासभर रस घेताय, आणि आता तळहात पिवळट दिसायला लागलेत. एवढ्या खटाटोपापेक्षा रंगीत भाज्यांच्या अर्काची कॅप्सूल चालेल का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय सासूबाईंना वॉर्फरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी, चालू आहे, त्यांनाही हेच द्यावं का, हे शेवटी एका ओळीत आलंय. माझ्या मते सगळ्यात नाजूक प्रश्न तोच आहे. त्याकडे येतेच.

आधी तळहात. दिवसाच्या उजेडात आरशासमोर उभ्या राहा आणि डोळ्यांचा पांढरा भाग नीट बघा. तो पांढराच असेल आणि पिवळेपणा तळहात, तळपाय, नाकाच्या आसपास एवढाच असेल, तर बहुधा हा गाजरातल्या बीटा कॅरोटीनचा रंग आहे. जास्तीचं कॅरोटीन कातडीत साठतं. रस कमी केलात की काही आठवड्यांत ओसरायला लागतो. घाबरू नका, शरीर कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्व गरजेपुरतंच तयार करतं, त्यामुळे गाजरं खाऊन त्याची विषबाधा होत नाही. डोळे पिवळे दिसले तर मात्र कावीळ असू शकते, मग उत्तरांची वाट न बघता डॉक्टरांना गाठा. लघवी गुलाबी दिसत असेल तर काही जणांना बीटमुळे तसं होतं. बीट थांबवूनही दोन-तीन दिवसांत रंग गेला नाही तर तपासून घ्या.

आता तक्त्याबद्दल. मी वीसेक वर्षं अन्नशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतली. पहिल्या तासाला दोन भांडी ठेवायचे. एकात जांभळा कोबी चिरून पाण्यात उकळायचा, दुसऱ्यात टोमॅटो तेलावर परतायचा. पाच-सात मिनिटांत कोबीचं पाणी गडद जांभळं व्हायचं आणि पानं मरगळून निळसर दिसायची. त्या पाण्यात लिंबू पिळलं की ते लख्ख गुलाबी, चिमूटभर सोडा टाकला की निळं-हिरवं. टोमॅटोच्या भांड्यात वेगळंच चित्र. टोमॅटोला सुटलेलं पाणी फिकट, पण कडेला जमलेला तेलाचा तवंग नारिंगी. एका वर्षी एका मुलीने कोबी निथळून जांभळं पाणी सरळ सिंकमध्ये ओतलं आणि पानं ताटलीत मांडून मला दाखवायला आणली. मी तिला सिंककडे बघायला सांगितलं. जे खायचं, ते तिथे वाहून चाललं होतं.

तक्त्यावर पाच रंग असतात, पण स्वयंपाक करणारीला त्याहून उपयोगी वाटणी ही आहे: रंग पाण्यात उतरतो की तेलात.

तेलात उतरणारे म्हणजे गाजर, लाल भोपळा, टोमॅटो, लाल ढोबळी मिरची, पपई, आंबा. यांतली कॅरोटिनॉइड्स, म्हणजे पिवळी-नारिंगी-लाल रंगद्रव्यं, अंगी लागायला जेवणात थोडी चरबी लागते. थोडी म्हणजे चमचाभर तेल किंवा मूठभर दाणे, तळण नव्हे. आणि ही मंडळी शिजवल्याने बिघडत नाहीत, उलट टोमॅटोतलं लायकोपीन हे लाल रंगद्रव्य शिजवल्यावर आणि तेलासोबत जास्त चांगलं शोषलं जातं. म्हणून "कच्चं तेच पौष्टिक" हा हट्ट इथे सोडा.

हिरवी पालेभाजीही याच घरातली, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पालकाची जुडी फ्रिजमध्ये मागे राहून पिवळी पडलेली पाहिली असेल ना? तो पिवळा रंग नव्याने आलेला नसतो. तो पानात पहिल्यापासून होता, हिरव्या क्लोरोफिलखाली झाकलेला. क्लोरोफिल मोडलं आणि तो उघडा पडला. त्यातलंच ल्युटीन आपल्या डोळ्याच्या पडद्यावरच्या मॅक्युलात, म्हणजे मधल्या ठिपक्यात, जाऊन बसतं. म्हणजे पालक खाल्लात तर तक्त्यावरच्या हिरव्याबरोबर पिवळाही पोटात गेला, तुम्ही मोजला नाहीत एवढंच.

पाण्यात उतरणारे म्हणजे जांभळा कोबी, काळी द्राक्षं, स्ट्रॉबेरी, वांग्याची साल, सगळी अँथोसायनिन या लाल-जांभळ्या रंगद्रव्याची. बीटचा रंग वेगळ्या कुळातला, बीटालेन, पण तोही पाण्यातच विरघळतो. हे शक्यतो कच्चं खा, नाहीतर वाफवा. उकळलंच तर पाणी सूपात घ्या. बीट सालासकट, थोडा देठ ठेवून शिजवलं तर रंग आतच राहतो. वांग्याची साल काढू नका, रंग जवळपास सगळा तिथेच असतो.

आणि पांढऱ्यावर अन्याय करू नका. रंगांच्या मागे लागलेली माणसं फ्लॉवर, कांदा, लसूण यांना गाळून टाकतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. कांद्यात क्वेर्सेटिन हे अँटिऑक्सिडंट भरपूर असतं, विशेषतः बाहेरच्या पाकळ्यांत. सोलताना दोन-दोन थर काढून टाकू नका. फ्लॉवर आणि कोबीतली उपयुक्त गंधकयुक्त द्रव्यं चिरल्यावर तयार होतात, म्हणून चिरून थोडा वेळ ठेवून मग शिजवा. पेरूचा गर पांढरा असो की गुलाबी, १०० ग्रॅममागे २०० मिलिग्रॅमच्या वर क जीवनसत्त्व देतो. संत्र्यात ते ५० च्या आसपास असतं. हे रंगावरून कधीच कळलं नसतं.

प्रमाणाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं आणि भाज्या सांगते, म्हणजे साधारण ८० ग्रॅमचे पाच वाटे. बटाटा आणि तसले पिष्टमय कंद यात धरत नाहीत. पाच वाटे म्हणजे रोज पाच रंग नव्हेत, इथेच बहुतेकांची गल्लत होते. मी आठवड्याचा हिशेब धरते. सोमवारी भोपळा आणि पालक झाला, तर मंगळवारी वांगं, कांदा, द्राक्षं. भाजी आणताना गेल्या वेळी काय आणलं ते आठवायचं आणि त्यातली एक बदलायची, इतकं सोपं ठेवा. रसाऐवजी अख्खं गाजर खा. गाळलेल्या चोथ्यात तंतू जातात, शिवाय ग्लासभर रसात किती गाजरं गेली ते कळतही नाही. तळहातांनी तुम्हाला तेच सांगितलंय.

कॅप्सूल घेऊ नका. मी हे ठामपणे म्हणते, कारण याची मोठी परीक्षा होऊन गेली आहे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांवर एक चाचणी झाली. त्यांतल्या काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीनची गोळी दिली होती. कॅरोटीनयुक्त भाज्या भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसत होता, म्हणून गोळीनेही तो कमी होईल ही आशा. १९९४ साली निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त निघाला. अमेरिकेतली तशीच दुसरी चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर ही गोळी त्यांच्या हाताला लागू देऊ नका. गाजरात तेच कॅरोटीन असतं, पण कमी मात्रेत, तंतूंसह आणि इतर शेकडो द्रव्यांसोबत. "अँटिऑक्सिडंटची ताकद अमुक" असे डब्यांवरचे आकडेही सोडून द्या. परीक्षानळीत मोजलेली ती ताकद शरीरात तशीच चालते असं दिसत नाही, म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याने तसा स्वतःचा तक्ता २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकला.

आता सासूबाई. वॉर्फरिन के जीवनसत्त्वाच्या विरुद्ध काम करतं, आणि गडद हिरव्या पालेभाज्यांत के जीवनसत्त्व भरपूर असतं. पालक एकदम वाढवलात तर गोळीचा परिणाम कमी होऊन गुठळीचा धोका वाढतो. रोजची पालेभाजी एकदम बंद केलीत तर रक्त जास्त पातळ होऊ शकतं. म्हणून त्यांच्या ताटात पालेभाजी असू द्या, पण दर आठवड्याला साधारण तेवढीच. भोपळा, गाजर, टोमॅटो, फ्लॉवर यांत के कमी असतं, फेरबदल करायचा तर तिथे करा. ग्रेपफ्रूट आणि अर्काच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. मूत्रपिंडाचाही त्रास असेल तर पोटॅशियममुळे फळभाज्यांची यादीच वेगळी होते, ती डॉक्टरांकडूनच घ्या. सध्या आठवड्यातून किती वेळा आणि किती वाटी पालेभाजी होते, ते कागदावर लिहून पुढच्या आयएनआर तपासणीला, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीला, सोबत न्या, आणि डॉक्टर तो कागद बघेपर्यंत त्यांचं जेवण आहे तसंच चालू ठेवा.